तिकडे किती युरो पडतील? परदेशी शिकणाऱ्या लेकरांना संभाजीनगरहून स्वस्तात पैसे पाठवण्याची कृती

परदेशी पैसे पाठवायला किती खर्च येतो, असे बँकेत विचारले की बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘हजारएक रुपये.’ उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. पाच लाख रुपये पाठवताना शुल्क म्हणून हजार रुपये जातात. रुपयांचे युरो करताना जो दर लावला जातो, त्यातून दहा-बारा हजारही जाऊ शकतात. हजार रुपये पावतीवर छापलेले असतात, दहा-बारा हजार कुठेच छापलेले नसतात. म्हणून पैसे पाठवताना विचारायचा प्रश्न एकच आहे: माझ्या खात्यातून एकूण इतके रुपये गेले, तर तिकडच्या खात्यात नेमके किती युरो पडतील? पुढची सगळी कृती या प्रश्नाचे खरे उत्तर मिळवण्यासाठी आहे.

या शहराला चलन बदलताना लागणारा बट्टा नवा नाही. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कलदार म्हणत. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब होता. संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षे हाली चलनात होता, त्यामुळे जुन्या घरांतल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात ही दोन्ही नावे येत असत. आज गुलमंडीतल्या सराफाच्या जागी जालना रोडवरच्या बँकेतला परकीय चलनाचा काउंटर आहे, आणि बट्टा आजही दरातच मुरवलेला असतो.

उदाहरणासाठी जर्मनी घेतो. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत जर्मन यंत्रे आणि जर्मन कंपन्या ओळखीच्या आहेत. इथून अभियांत्रिकी करून मुलेमुली पुढच्या शिक्षणासाठी तिकडे जातात, आणि व्हिसासाठी या देशाला सहसा एकदम मोठी रक्कम पाठवावी लागते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असले तरी पायऱ्या त्याच, फक्त खात्याचे तपशील बदलतात.

पहिली पायरी: काय, कुणाला, किती, कधी

वहीचे एक पान घ्या आणि वर्षभरात परदेशी जाणारा प्रत्येक पैसा त्यावर लिहा. जर्मनीसाठी तीन रकाने पुरतात: विद्यापीठाची फी, ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम आणि नंतर लागणारा वरखर्च.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, सत्राचे किरकोळ शुल्क असते. मात्र बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे मुलाच्या नावाचे असे खाते, ज्यात वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच भरायचा आणि तिकडे गेल्यावर दरमहा ठरलेला हप्ता मिळायचा. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. अर्जाच्या वेळी आकडा पुन्हा तपासा, कारण तो अधूनमधून वाढतो. याआधी तो ११,२०८ होता.

या पानावर रकमा युरोत लिहा, रुपयांत नको. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४च्या जागी ११,८८५ पडले तर खाते पूर्ण भरल्याचे पत्र मिळत नाही, आणि उरलेले १९ युरो पाठवायला पुन्हा पूर्ण शुल्क द्यावे लागते. वाटेत होणाऱ्या कपातीमुळे हा प्रसंग बऱ्याच घरांवर येतो. तो कसा टाळायचा ते पाचव्या पायरीत आहे.

दुसरी पायरी: कुणाच्या खात्यातून पाठवायचे

ही पायरी लोक घाईत ओलांडून जातात, आणि रोख रक्कम अडकते ती इथेच.

भारतात राहणारी कोणतीही व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे बँकेत ज्याला ‘एलआरएस’ म्हणतात त्याखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परदेशी पाठवू शकते. २००४ साली योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती. मध्यमवर्गीय घराला आजची मर्यादा क्वचितच आड येते. आड येतो तो टीसीएस.

टीसीएस म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर. १ एप्रिल २०२५पासूनचा नियम असा: एका पॅनवर एका आर्थिक वर्षात एकूण १० लाख रुपयांपर्यंत पाठवले तर टीसीएस शून्य. त्यावरच्या रकमेवर, स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी किंवा उपचारांसाठी पाठवत असाल तर २०२५-२६ मध्ये ५ टक्के, आणि इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के. २०२६च्या अर्थसंकल्पात शिक्षण आणि उपचारांसाठीचा दर २ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. म्हणून पैसे भरायच्या दिवशी त्या वर्षीचा दर बँकेतून लेखी घ्या. बँकेच्या किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर १ एप्रिल २०२५पासून टीसीएस लागत नाही. तेव्हा काही रक्कम कर्जाची आणि काही घरची असेल, तर कर्जाची रक्कम वेगळी पाठवा आणि कर्जमंजुरीचे पत्र सोबत जोडा.

आता हिशेब करून बघू. सोपे जावे म्हणून १ युरो बरोबर १०० रुपये धरू. ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो म्हणजे ११,९०,४०० रुपये. सगळे वडिलांच्या एका पॅनवरून गेले तर १० लाखांवरच्या १,९०,४०० रुपयांवर टीसीएस लागेल: ५ टक्क्यांनी ९,५२० रुपये, २ टक्क्यांनी ३,८०८ रुपये. तेच सात लाख वडिलांच्या आणि उरलेले आईच्या खात्यातून गेले तर टीसीएस शून्य. प्रत्येकाच्या पॅनची १० लाखांची मर्यादा स्वतंत्र असते. आईची स्वतःची ठेव किंवा बचत असेल तर हा रस्ता सरळ आहे, फक्त दोघांचे स्वतंत्र अर्ज आणि नात्याचा पुरावा लागेल. ब्लॉक्ड अकाउंट चालवणारी संस्था रक्कम दोन हप्त्यांत आणि दोघांच्या नावाने घेते का, हे आधी ईमेल करून विचारून घ्या.

वर्ष बदलण्याचाही फायदा घेता येतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळी सत्र एप्रिलच्या सुमारास, त्यामुळे मार्च आणि एप्रिल अशी विभागणी काही घरांना सहज जमते. मात्र १० लाखांची मर्यादा सगळ्या बँका मिळून मोजतात. एका बँकेतून आठ लाख आणि दुसऱ्या बँकेतून आठ लाख पाठवून ती चुकत नाही, आणि फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकीय चलन आधी भरून नेण्याच्या कार्डात, टाकलेली रक्कमही त्यातच धरली जाते.

टीसीएस लागलाच तर तो बुडाला असे समजू नका. पुढे त्याचे काय करायचे ते सहाव्या पायरीत सांगतो.

तिसरी पायरी: आजचा खरा दर काय?

बट्टा मोजायचा तर आधी मूळ दर माहीत हवा. एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलर, युरो, पाउंड आणि येनचे संदर्भ दर जाहीर करते. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक करत असे, जुलै २०१८पासून ही संस्था करते. हा दर कुणालाही पैसे पाठवायला मिळत नाही. त्याचा उपयोग मोजपट्टी म्हणून करायचा.

मग त्याच दिवशी, शक्यतो एका तासाच्या आत, तीन ठिकाणी भाव विचारा. एक, तुमची स्वतःची बँक. दोन, ज्यात तुमचे किंवा घरातल्या कुणाचे खाते आहे अशी दुसरी बँक. तीन, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली परकीय चलनाची कंपनी. थॉमस कुकसारख्या कंपन्यांना शिक्षणासाठी परदेशी पैसे पाठवण्याची परवानगी असते. पतसंस्थेत हे काम होत नाही. मोठ्या बँकेच्या प्रत्येक शाखेतही ते होत नाही: पडेगाव किंवा हर्सूलच्या शाखेत अर्ज घेतला तरी तो परकीय चलनाचे काम करणाऱ्या शाखेकडे जाणार. आधी फोन करून ती शाखा कोणती हे विचारले तर एक-दोन दिवस वाचतात.

भाव विचारताना हे वाक्य जसेच्या तसे म्हणा: ‘मॅडम, मला शिक्षणासाठी जर्मनीला पैसे पाठवायचे आहेत. तुमचा टीटी सेलिंग रेट किती, शुल्क किती, जीएसटी किती, आणि वाटेतल्या बँकेचे चार्जेस कुणाकडे?’ चारही उत्तरे लिहून घ्या. ‘टीटी सेलिंग’ म्हणजे बँक तुम्हाला तारेने पाठवायचे परकीय चलन ज्या दराने विकते तो दर. बँकेच्या फलकावर नोटांचा दरही असतो. तो आणखी महाग असतो, त्याच्याशी आपला संबंध नाही.

जीएसटी सगळीकडे जवळपास सारखाच बसतो, कारण त्याचे सूत्र कायद्याने ठरलेले आहे. पूर्ण रकमेवर १८ टक्के लागत नाहीत. एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का करपात्र मानतात, निदान २५० रुपये. एक ते दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक एक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. दहा लाखांवर ५,५०० रुपये अधिक त्यावरच्या रकमेचा ०.१ टक्का, जास्तीत जास्त ६०,०००. या आकड्यावर १८ टक्के. म्हणजे एक लाखावर १८० रुपये, पाच लाखांवर ५४० आणि दहा लाखांवर ९९०. बँकेच्या शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा.

आता दोन भाव शेजारी ठेवू. खिशातून एकूण ५,००,००० रुपये जाणार आहेत आणि मूळ दर १०० आहे असे धरा. पहिली बँक म्हणते, ‘आमच्याकडे शुल्कच नाही,’ आणि दर लावते १०२.५०. जीएसटीचे ५४० वजा जाता ४,९९,४६० रुपयांचे होतात ४,८७२ युरो. दुसरी बँक १,००० रुपये शुल्क आणि त्यावर १८० जीएसटी घेते, पण दर लावते १००.८०. सगळे वजा जाऊन ४,९८,२८० रुपयांचे होतात ४,९४३ युरो. शुल्क घेणाऱ्या बँकेने सुमारे ७० युरो, म्हणजे सात हजार रुपये, जास्त पोचवले. जर्मनीतल्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या किराण्याचा काही भाग त्यात निघतो.

‘शून्य शुल्क’ हे शब्द ऐकले की दराकडे दुप्पट लक्ष द्या. माझे स्पष्ट मत आहे की शुल्काची तुलना करत बसण्यात काही अर्थ नाही. तिकडे पडणाऱ्या युरोंचीच तुलना करावी.

चौथी पायरी: भाव करा

भाजीच्या गाडीवर पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसे बँकेच्या काउंटरवर दोन टक्के मुकाट्याने देतात, कारण तिथला दर सरकारने ठरवलेला असतो असे त्यांना वाटते. तसे नाही. सकाळी शाखेला जो दर येतो त्याला ‘कार्ड रेट’ म्हणतात. दिवसभरात बाजार हलला तरी बँकेला तोटा होऊ नये म्हणून त्यात बरीच जागा ठेवलेली असते. रक्कम काही लाखांची असेल तर शाखा बँकेच्या मुंबईतल्या ट्रेझरीकडून, म्हणजे चलनाचे व्यवहार करणाऱ्या विभागाकडून, तुमच्या व्यवहारापुरता वेगळा दर मागवू शकते. तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. ‘कार्ड रेट नको, ट्रेझरीचा रेट मागवून द्या’ असे नम्रपणे आणि ठामपणे सांगा. दुसऱ्या ठिकाणचा लेखी भाव हातात असला की काम सोपे होते. पगाराचे खाते, जुनी ठेव, घरकर्ज यांपैकी काहीही त्या बँकेत असेल तर तेही बोलून दाखवा.

आंतरबँक बाजार सकाळी ९ ते दुपारी ३.३० चालतो. म्हणून हे काम सकाळी साडेदहा-अकराला करा. संध्याकाळी, शनिवारी किंवा सुटीच्या दिवशी मोबाइल ॲपवरून पाठवले तर बाजार बंद असल्याची जोखीम दरात मिसळलेली असते.

डॉलर पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक रस्ता आहे आणि तो फार कमी घरांना माहीत आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ नावाचा मंच सुरू केला. त्यावर नोंदणी केलेल्या सामान्य ग्राहकाला बाजारभावाने डॉलर घेता येतात आणि बँकेला आधी जाहीर केलेलेच शुल्क लावता येते. नोंदणीला आपल्या बँकेची मंजुरी लागते. काउंटरवरच्या माणसाला ती माहीत नसेल तर शाखाधिकाऱ्यांना विचारा. अमेरिकेतल्या विद्यापीठाची फी दर सत्राला पाठवायची असेल, तर एकदाच केलेली ही खटपट शिक्षण संपेपर्यंत उपयोगी पडते.

काही विद्यापीठे फी भरायला फ्लायवायरसारख्या सेवेचा पर्याय देतात. त्यात तुम्ही भारतातच रुपये भरता आणि विद्यापीठाला पूर्ण रक्कम पोचते, वाटेत कपात होत नाही. ही सोय चांगली आहे. तिचा रुपयातला आकडाही त्याच वहीत इतर तीन भावांच्या खाली लिहा आणि मग ठरवा.

पाचवी पायरी: अर्ज भरणे

पासपोर्ट, व्हिसा असेल तर व्हिसा, प्रवेशपत्र, फीची मागणी किंवा ब्लॉक्ड अकाउंटचे पत्र, पाठवणाऱ्याचे पॅन आणि नात्याचा पुरावा यांच्या प्रती काढा. मुख्य अर्ज म्हणजे ‘फॉर्म ए-टू’. त्यात तीन जागा नीट बघायच्या.

पहिली, कारणाचा कोड. शिक्षणासाठी, म्हणजे फी आणि वसतिगृहासह राहण्याच्या खर्चासाठी, एस ०३०५. कुटुंबाच्या निर्वाहासाठी एस १३०१ असा वेगळा कोड आहे. विद्यार्थ्याच्या खर्चाचे पैसे घाईत ‘निर्वाहा’खाली गेले, तर १० लाखांवरच्या रकमेला शिक्षणाचा कमी दर मिळत नाही, २० टक्क्यांचा दर लागतो. ब्लॉक्ड अकाउंट मुलाच्याच नावाचे असल्याने काही वेळा ते ‘परदेशात खाते उघडणे’ या कारणाखाली टाकले जाते. तसे होऊ नये म्हणून प्रवेशपत्र जोडून शिक्षणाचाच कोड लावून घ्या आणि सही करण्याआधी तो स्वतः वाचा.

दुसरी, खात्याचे तपशील. जर्मनीचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ‘डीई’ने सुरू होतो आणि २२ अक्षरांचा असतो, स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा. अमेरिकेला ९ आकडी राउटिंग नंबर लागतो, ब्रिटनला ६ आकडी सॉर्ट कोड, ऑस्ट्रेलियाला ६ आकडी बीएसबी. नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने लिहा. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते आणि पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असते, तिथे गोंधळ होतो. विद्यापीठाला पाठवताना मुलाचा विद्यार्थी क्रमांक संदेशाच्या जागेत लिहायला विसरू नका. तो नसेल तर पैसे पोचतात, पण कुणाच्या फीत जमा करायचे हे विद्यापीठाला कळत नाही.

खाते क्रमांक विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या पोर्टलवर लॉगिन करूनच घ्या. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या नव्या खात्यावर पाठवा’ असा ईमेल आला तर तो फसवणुकीचा आहे असे धरून चाला आणि फोन करून खात्री करा. परदेशी गेलेला पैसा चुकीच्या खात्यातून परत मिळवणे अतिशय कठीण असते.

तिसरी जागा म्हणजे शुल्क कुणी सोसायचे. अर्जात तीन पर्याय असतात: ‘अवर’, ‘शेअर’ आणि ‘बेन’. पैसे बऱ्याचदा थेट पोचत नाहीत, मध्ये एखाद-दुसरी बँक असते आणि ती आपली मजुरी कापून घेते. ‘शेअर’ निवडले तर ती पाठवलेल्या युरोतून कापली जाते, ‘बेन’ निवडले तर सगळेच शुल्क घेणाऱ्याच्या रकमेतून जाते. ‘अवर’ निवडले तर सगळे शुल्क तुम्ही इथेच रुपयांत भरता आणि तिकडे पूर्ण रक्कम पडते. ब्लॉक्ड अकाउंट आणि विद्यापीठाची फी यांसाठी ‘अवर’च निवडा, त्यासाठी हजार-दीड हजार जास्त पडले तरी. मुलाच्या रोजच्या खात्यात वरखर्चाला पाठवताना ‘शेअर’ चालेल.

सहावी पायरी: पाठवल्यानंतर

त्याच दिवशी बँकेकडून तीन कागद मागा: लावलेल्या दराची नोंद असलेली पावती, टीसीएस कापला असेल तर त्याची नोंद, आणि स्विफ्ट कॉपी. या कॉपीवर व्यवहाराचा ३६ अक्षरी मागोवा क्रमांक असतो, ज्यावरून पैसा कोणत्या बँकेत थांबला आहे ते कळते. युरोपात पैसे सहसा दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पडतात. मुलाला फोन करून नेमका किती आकडा जमा झाला हे विचारा आणि वहीत लिहा. पुढच्या वेळी भाव करताना हीच वही कामाला येईल.

टीसीएस कापला असेल तर तो आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक करनोंदीत (‘२६एएस’) दिसला पाहिजे. विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते आणि जास्तीचा परत येतो. नोकरदारांना तोवर थांबण्याचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२४पासून ‘१२बीएए’ हा नमुना भरून कापलेला टीसीएस आपल्या कार्यालयाला कळवता येऊ लागला, म्हणजे पगारातून कापला जाणारा कर तेवढा कमी होतो. आपल्या लेखा विभागाला या वर्षीचा नमुना विचारा. बारा महिने अडकणारे पैसे दोन-तीन महिन्यांत मोकळे होतात.

कबूल केलेल्यापेक्षा वेगळा दर लावला किंवा न सांगितलेले शुल्क कापले, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

सातवी पायरी: महिन्याचा वरखर्च

दरमहा दहा-दहा हजार रुपये पाठवू नका. प्रत्येक वेळी शुल्क तेच लागते, त्यामुळे लहान रकमेवर त्याचा भार फार मोठा होतो. दहा हजारांवर हजाराचे शुल्क म्हणजे दहा टक्के. तीन किंवा सहा महिन्यांचे एकदम पाठवा. दर उतरेल म्हणून वाट पाहत बसणाऱ्या पालकांची घालमेल मी समजू शकतो, पण फी भरायची तारीख ठरलेली असताना चलनाच्या बाजारावर डाव लावू नये. वर्षाची रक्कम दोन-तीन भागांत पाठवली की चढउतार बऱ्यापैकी सावरले जातात.

इथले कार्ड मुलाच्या हाती देऊन ‘वाप तिकडे’ म्हणणे हा सर्वात महाग रस्ता आहे. अनेक क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर परकीय चलनाचा २ ते ३.५ टक्के अधिभार असतो, त्यावर जीएसटी, आणि एटीएममधून काढले तर दर वेळी वेगळे शुल्क. फॉरेक्स कार्ड पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरते ठीक. तिकडचे खाते उघडले की ते बाजूला ठेवावे. आणि लेकराला एक गोष्ट निघण्याआधीच सांगून ठेवा: दुकानातल्या यंत्रावर ‘रुपयांत भरायचे की युरोत’ असा प्रश्न आला तर नेहमी युरो निवडायचे. रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवते, आणि तो महाग असतो.

एक रस्ता मात्र कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नका. तिकडे नोकरी करणारा ओळखीचा मुलगा तुमच्या मुलीला युरो देतो, आणि तुम्ही त्याच्या वडिलांना टीव्ही सेंटरला जाऊन तेवढे रुपये देता. दोन्ही घरे भली असतात, कुणाचा वाईट हेतू नसतो, शुल्क वाचते. तरीही परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ प्रमाणे परवानाधारक बँकेला वगळून केलेला असा व्यवहार बेकायदा आहे आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. मुलीच्या खात्यात अनोळखी नावाने युरो आले तर तिकडची बँकही चौकशी करते, आणि शिकायला गेलेल्या मुलीला त्या चौकशीला परक्या देशात एकटीने तोंड द्यावे लागते. वाचलेल्या दोन-चार हजारांसाठी तिला त्यात ढकलू नये.

शहरात राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी

शेंद्रा-वाळूजच्या कंपन्यांत काही वर्षांसाठी आलेले परदेशी अभियंतेही इथून घरी पैसे पाठवतात. त्यांना मुभा आहे ती निव्वळ पगाराएवढी, म्हणजे कर, भविष्य निर्वाह निधी आणि इतर कपाती जाऊन जे हातात येते तेवढी. पगाराच्या पावत्या, कर भरल्याचा पुरावा आणि कंपनीचे पत्र लागते. दर विचारण्याची तिसरी आणि चौथी पायरी त्यांनाही तशीच लागू आहे. तुमच्या शेजारी असे कुणी भाड्याने राहत असेल तर त्यांना ‘ट्रेझरी रेट’ मागायला सांगा.

लेकरू कमावते झाले की

पैशाचा प्रवाह उलटा होतो तेव्हाही काही कामे आधी करावी लागतात. शिकायला गेलेला मुलगा किंवा मुलगी परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी ठरते, त्यामुळे तिचे इथले साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. तिकडची कमाई भारतात ठेवायची तर एनआरई खाते उघडावे. त्यातले पैसे पुन्हा परदेशी नेता येतात आणि अनिवासी असेपर्यंत त्यावरच्या व्याजाला इथे कर नाही. आईवडिलांना घरखर्चाला पाठवायचे तर थेट त्यांच्या खात्यात पाठवता येते, मुलांकडून आलेल्या अशा पैशावर आईवडिलांना आयकर लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या अशा पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात सर्वात जास्त आढळला. या दिशेला स्पर्धा जास्त असल्याने पाठवणे स्वस्तही आहे. युरोपातून वाइजसारख्या सेवा बाजारभावाजवळचा दर आणि शुल्क वेगवेगळे दाखवतात, आखातात एक्स्चेंज हाऊस एकमेकांशी चुरस करतात, आणि सिंगापूरहून फेब्रुवारी २०२३पासून तिथले पेनाउ आणि आपले यूपीआय जोडलेले असल्याने लहान रकमा लगेच पोचतात. अमेरिकेतल्या मुलांनी मात्र १ जानेवारी २०२६पासून काउंटरवर रोख किंवा मनीऑर्डर देऊन पैसे पाठवू नयेत, कारण त्यावर तिथे १ टक्का कर लागतो. बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट कार्डाने पाठवले तर तो लागत नाही.